दही लागेना? गोठ्यात डोकावून बघा

मे महिन्यात एवढ्या गरमीत दही चार-पाच तासात लागायला पाहिजे, तरी कधीकधी पातेलं उघडावं तर दूध तसंच्या तसं. आपण विरजणाला नावं ठेवतो. दरवेळी नाही, पण कधीतरी कारण दुधातलं अँटिबायोटिक असतं, दही लावणारे बॅक्टेरिया पेनिसिलिनसारख्या औषधापुढे टिकतच नाहीत.

आता ते दुधात आलं कुठून? आपल्या संकरित गायींमध्ये एचएफचं (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीचं) रक्त, म्हणजे थंड मुलखातलं, पंचवीस डिग्रीच्या वर त्यांची कुरबुर सुरू होते आणि सोलापूरला उन्हाळ्यात पारा चाळीशी पार. पत्र्याच्या गोठ्यात दुपारी गाय तोंड वासून धापा टाकते, लाळ गळते, वैरणीला तोंड लावत नाही, प्रतिकारशक्ती ढासळते. त्यात अवकाळी आला की खाली चिखल, सडातून जंतू आत आणि कासेला दगडी, म्हणजे कास सुजण्याचा आजार. मग सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडा, इंजेक्शन द्या. उबदार दमट हवेत गोचीड पण फोफावतात, म्हणजे गोचीडताप, म्हणजे अजून औषधं.

औषध दिल्यावर काही दिवस दूध विकायचं नसतं. लेबलवर दिवस लिहिले नसतील तर आपल्याकडचा नियम दुधाला किमान 7 दिवस, मांसाला 28. पण दहा लिटरची गाय म्हणजे आठवड्यात सत्तर लिटर ओतून द्यायचं, पेंडेची उधारी तशीच. शहरात बसून शेतकऱ्याला शिव्या घालणं सोपंय.

एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले, त्यात 77 मध्ये अँटिबायोटिक मर्यादेबाहेर होतं. आणि 368 मध्ये अफ्लाटॉक्सिन एम1! म्हणजे औषधापेक्षा बुरशीचं विष जास्त सापडलं, आणि त्याचाही हवामानाशी संबंध आहेच. पाण्याचा ताण बसलेल्या मक्यावर, भुईमुगावर ही बुरशी शेतातच चढते, नंतर दमट गोदामात वाढते, गाय ती पेंड खाते आणि तिच्या लिव्हरमध्ये त्या विषाचं एम1 होऊन एक-दोन दिवसात दुधात उतरतं. उकळून ते जात नाही, बरीचशी अँटिबायोटिक्सही जात नाहीत. आपला सगळा भरवसा उकळण्यावर!

गोठ्यातले उपाय मात्र साधे आहेत. पत्र्यावर पाचट, पाण्याचे बारीक तुषार उडवणारा फॉगर, पंखा, धारेनंतर सड आयोडीनच्या पाण्यात बुडवणं. आणि धार झाली की लगेच पुढ्यात वैरण टाकायची, खायच्या नादात गाय अर्धा तास उभी राहते, तेवढ्यात सडाचं तोंड मिटतं.