परात आधी मोजा, मग सिंगल-डबल बोला

फोन नेहमी आदल्या रात्रीच येतो. "ताई, ग्रॅनाईटवाला उद्या सकाळी सिंकचं होल पाडायला येतोय, सिंगल घेऊ का डबल?" परवा चोपड्याहून मामेबहिणीचा आला, त्याआधी धुळ्याहून वहिनीचा, दिवाळीत नणंदेचा. आणि पुढचं वाक्य सगळ्यांचं एकच, "डबलच घ्यावं म्हणते, जागा जास्त मिळते ना." माय वं, नाही मिळत! सहा वर्षं डबल सिंकवर भांडी घासून मग ते काढून टाकलेली बाई मी आहे, आता एकदाच सगळं लिहून ठेवते म्हणजे पुढच्या वेळी नुसतं पाठवून देता येईल.

सिंगल सिंक काय असतं ते सांगत बसत नाही, तुमच्या घरी आत्ता तेच असणार. एक बाऊल, एक जाळी, एक पाइप. २४ बाय १८ इंच हे घरोघरी दिसणारं माप. डबल म्हणजे एकाच पत्र्यात शेजारी शेजारी दोन बाऊल, मध्ये पट्टी, नळ साधारण मध्यावर. इथपर्यंत कोणाचाच घोळ नाही.

घोळ मापात आहे. दुकानात "सदतीस-अठरा" म्हणतात ते सिंकचं बाहेरचं माप, म्हणजे कडेचा पत्रा, मधली पट्टी सगळं धरून. आपल्याला भांडी घासायची असतात बाऊलच्या आत, आणि ते माप बाई विचारतच नाही आणि दुकानदार सांगतच नाही. ३७ बाय १८ च्या डबलमधून दोन्हीकडची कड आणि मधली पट्टी वजा करा, उरलेल्याचे दोन भाग करा, एका बाऊलच्या वाट्याला येतात साधारण १६ बाय १४ इंच. कंपनीप्रमाणे इंचभर इकडेतिकडे. आणि आपलं ते साधं गरीब २४ बाय १८ चं सिंगल, त्याचा बाऊल आतून भरतो २१ बाय १५ च्या आसपास. म्हणजे तेरा इंच मोठं सिंक आणून तुम्ही बाऊल पाच इंचांनी लहान करून घेतला, वर पैसे जास्त दिले. दोन्ही बाऊल मिळून जागा जास्त होते हे खरंय, पण परात काही अर्धी या बाऊलमध्ये आणि अर्धी त्या बाऊलमध्ये घासता येत नाही.

आता परातीवर येऊ, कारण खान्देशातल्या घरात निकाल परातच लावते. आमच्याकडची रोजची परात १८ इंची. कळण्याच्या भाकरी झाल्या की ते पीठ परातीला असं काही चिकटून वाळतं की अर्धा तास पाणी टाकून ठेवल्याशिवाय सुटत नाही. सिंगलमध्येही ती सपाट बसत नाही हे मान्य, पण लांबीच्या बाजूने तिरपी उतरते, गोल फिरवता येते, नळाखाली पाणी बाऊलमध्येच पडतं. १६ बाय १४ मध्ये तीच परात कोपऱ्यातून कोपऱ्यात उभी अडकवावी लागते, निम्मी वर बाहेर, नळ सोडला की पाणी परातीच्या काठावरून सरळ ओट्यावर आणि ओट्यावरून माझ्या पोटावर. सहा वर्षं माझा गाऊन पोटावर ओला असायचा, घरचे हसायचे.

परातीचं एकवेळ चालवून घेतलं असतं, पण बडगी? हिवाळ्यात भरताची वांगी आली की आमच्याकडे आठवड्यातून दोनदा भरीत, आणि ते मिक्सरमध्ये करणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. भाजलेली वांगी बडगीतच ठेचायची. लाकडाची होडीसारखी लांबट वस्तू, आमची दीड फुटाच्या वर आहे, भिजत टाकून ठेवता येत नाही, लगेच गरम पाण्याने धुऊन निथळत ठेवावी लागते. डबलमध्ये तिचं एक टोक कायम बाहेर आणि त्या टोकावरून मिरची-लसणाचं पाणी ओघळत शेजारच्या धुतलेल्या भांड्यांवर. शेवटी मी बडगी मागच्या मोरीत न्यायला लागले, मग कढई, मग मोठा कुकर, मग सासूबाईंनी एक दिवस विचारलं, "मंग हाई काय शे?" म्हणजे मोठी भांडी मोरीत घासायची तर ओट्यावर हा तीन फुटांचा खड्डा कशाला पाडलाय.

म्हणून सांगते, दुकानात जायच्या आधी जुना पेपर घ्या, १६ बाय १४ चा चौकोन कापा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर घरातली सगळ्यात मोठी तीन रोजची भांडी एकेक करून ठेवून बघा. रोजची हं, कानबाईच्या सणाला रोट करायची ती नाही, त्या दिवशी सगळी भाऊबंदकी जेवायला असते आणि ती भांडी कुठल्याच सिंकमध्ये मावणार नाहीत, ती अंगणातच जाणार. चोपड्याच्या बहिणीला हेच करायला सांगितलं, दहा मिनिटांत तिचा फोटो आला, त्यात पेपर दिसतच नव्हता, नुसती परात. तिने २४ चं होल पाडून घेतलं.

आता कोणी म्हणेल ४५ बाय २० चं डबल घ्या, त्यात बाऊल मोठे असतात. असतात, प्रत्येक बाऊल जवळजवळ सिंगलएवढा भरतो. पण ओट्याचा हिशोब करा ना. ८ फुटी ओटा म्हणजे ९६ इंच. तीन बर्नरची शेगडी २८-३० इंच घेते, भिंतीकडे आणि शेगडीच्या बाजूला मिळून फूटभर मोकळं सोडावंच लागतं. ४५ चं सिंक बसवलं तर उरते जेमतेम दहा इंच, त्यावर पोळपाटसुद्धा बसणार नाही. ३७ च्या सिंकला उरते दीड फूट. २४ च्या सिंकला अडीच फुटांच्या वर, म्हणजे पोळपाट, पिठाचा डबा, पोळ्यांची टोपली सगळं बसून वर चहाचा कप ठेवायला जागा. ज्यांचा ओटा एल आकाराचा बारा-चौदा फुटी आहे त्यांनी ४५ चं खुशाल घ्यावं, त्यांना मी अडवत नाही.

दुसरी गोष्ट लोक डोक्यातच घेत नाहीत. डबल सिंक ज्या पद्धतीसाठी आहे ती पद्धत अशी की एका बाऊलला बूच लावून साबणाचं पाणी भरायचं, त्यात घासायचं, दुसऱ्यात स्वच्छ पाणी भरून त्यात विसळायचं. आपण काय करतो, घासणीला साबण लावून कोरड्यातच घासतो आणि वाहत्या नळाखाली विसळतो. मग दुसऱ्या बाऊलचं काम काय? त्यात धुतलेल्या भांड्यांचं टोपलं जाऊन बसतं, कायमचं. म्हणजे ओट्याचे सोळा इंच कापून आपण टोपल्यासाठी खड्डा केला. गंमत म्हणजे माझी माय अंगणात दोन घमेली घेऊन अगदी हेच करायची, पहिलं पाणी, दुसरं पाणी, आणि पहिलं पाणी राखेसकट केळीच्या बुडाशी. दोन-तीन दिवसाआड नळ येणाऱ्या गावात ही पद्धत सोन्यासारखी आहे. कोणी खरंच बूच लावून असं घासणार असेल तर डबल सिंक त्याच्यासाठीच आहे, टाकीतलं पाणी वाचेल. पण मी आजवर डबल सिंकवाल्या एकाही घरात बूच लावलेलं पाहिलं नाही, बहुतेकांना ते कुठल्या ड्रॉवरमध्ये टाकलंय हेही आठवत नाही.

मग डबल कोणी घ्यावं? ज्यांच्याकडे भांड्यांना मावशी येतात आणि दिवसातून एकदाच येतात त्यांनी. सकाळपासूनची खरकटी भांडी एका बाऊलमध्ये साचत राहतात आणि दुसरा बाऊल भाजी धुवायला, तांदूळ धुवायला, हात धुवायला मोकळा राहतो. हा फायदा खरा आहे आणि सिंगलमध्ये तो मिळत नाही, खरकट्या ढिगावर पालक धुणं मलाही आवडत नाही. पण इथेही एक बाऊल मोठा आणि एक लहान असं सिंक मिळालं तर ते घ्या, दोन सारखे नको. मोठ्यात परात, लहानात भाजी.

एक जोडघोळ इथेच सांगते. ३७ बाय १८ मध्येच आणखी एक प्रकार येतो, एक बाऊल आणि शेजारी रेघा पाडलेला उतरता पत्रा, भांडी निथळायला. त्याला ड्रेनबोर्डचं सिंक म्हणतात. माप तेच आहे म्हणून लोक त्यालाही "डबल" म्हणतात, फोनवर "डबल पाठवून दे" सांगतात आणि घरी भलतंच येतं. ड्रेनबोर्ड म्हणजे डबल नव्हे. त्यातला बाऊलही लहानच असतो, आणि तो पत्रा निथळायला कमी आणि काल रात्रीचे चहाचे कप ठेवायला जास्त वापरला जातो. मला अजिबात आवडत नाही.

तुंबण्याचं थोडक्यात. डबलच्या दोन्ही जाळ्यांचे पाइप ओट्याखाली एकत्र येऊन पुढे एकच पाइप जातो. जोडाच्या पुढे कुठे शेवभाजीच्या तर्रीचा चिकटा बसला, वांग्याची सालं अडकली, की या बाऊलमध्ये ओतलेलं खरकटं पाणी त्या बाऊलमधून वर येतं. ज्यात तुम्ही आत्ताच कोथिंबीर धुऊन ठेवलीय त्यातून. सिंगल तुंबलं तर निदान स्वतःपुरतं तुंबतं. शिवाय तो आडवा पाइप ओट्याखालची निम्मी जागा खातो, कचऱ्याचा डबा तिरका ठेवावा लागतो.

खोली ८ इंच घ्या, फार तर ९, दहा इंच खोल सिंकमध्ये कमरेतून वाकून वाकून पाठीचं भजं होतं. वरून बसवायचं का ग्रॅनाईटच्या खालून, हा मला वादच वाटत नाही, खालून बसवलं की ओट्यावरचं पाणी सरळ आत लोटता येतं, फक्त कारागीर नीट पाहिजे. नळ हंसाच्या मानेसारखा उंच आणि फिरणारा घ्या, डबल घेणार असाल तर तो दोन्ही बाऊलच्या मध्यापर्यंत पोचतो का ते दुकानातच फिरवून बघा.

आणि ते स्टीलची ग्रेड तपासायचं लोहचुंबक. दुकानदार ऐटीत चुंबक काढतो, सिंकला लावतो, चिकटत नाही, "बघा ताई, ३०४ ग्रेड ओरिजिनल." अहो, २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही! ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, स्वस्त पडतं, आणि चुंबकाला दोन्ही सारखेच. बोअरच्या खारट पाण्याला २०२ लवकर डागाळतं, कडेला तांबूस ठिपके येतात. पांढरे डाग वेगळे बरं का, ते पाण्यातल्या क्षारांचे, ते ३०४ वरही येणार, लिंबाची साल घासली की जातात. बिलावर ग्रेड लिहून घ्या, लिहायला नाही म्हणाला तर उठा. आणि बाथरूमचं ॲसिड सिंकमध्ये कधीच ओतू नका, ३०४ असलं तरी.

माझं डबल चुंबकाच्या परीक्षेत अगदी पहिल्या नंबराने पास झालेलं होतं. तिसऱ्या वर्षी जाळीभोवती गंज धरला. आता ते गच्चीवर आहे, एका बाऊलमध्ये पुदिना, दुसऱ्यात कोथिंबीर, होल आयतीच असल्याने पाणी साचत नाही. पुदिना मधली पट्टी ओलांडून कोथिंबिरीत घुसायला लागलाय.