दाढ काढून जबड्याचा सांधा बरा होत नाही

जळगाव-धुळ्याकडे कानाजवळ ठणकायला लागलं, चावताना खरखर वाजलं की घरोघरी एकच सल्ला मिळतो: "दाढ काढून टाक, मोकळी होशील." माझ्या मावशीने दोन दाढा काढल्या. दुखणं जागच्या जागी राहिलं, चावायला मात्र एकच बाजू उरली.

दुखत होता तो जबड्याचा सांधा. कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडा, तो सरकताना हाताला लागतो. त्यातलं कूर्चेचं अस्तर झिजलं की वाळू रगडल्यासारखा आवाज येतो. नुसतं 'कट्' वाजतं आणि दुखत नाही, तर बहुधा काळजी नको. किडलेल्या दाढेचा इलाज जरूर करा. पण निरोगी दाढ उपटून सांधा सुधारत नाही.

झीज म्हणजे ऑपरेशन, असंही नाही. बहुतेकांचं दुखणं साध्या उपायांनीच आटोक्यात येतं. बट्टी वरणात पूर्ण भिजू द्या, भरताबरोबर भाकरी कुस्करून खा. ऊस, फुटाणे काही आठवडे बंद. ओल्या गरम फडक्याने 10-15 मिनिटं शेका. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एरवी ओठ मिटलेले, पण दात एकमेकांना न टेकलेले असू द्या. कामाच्या नादात दात आवळून बसणारे कितीतरी जण आहेत, त्यांना ते कळतही नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील तर मात्र लगेच दाखवा. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांत गालाचं आतलं अस्तर आखडूनही असं होतं, आणि त्यात पुढे कॅन्सरचा धोका असतो.