युवा बेसबॉलमधील धातूची आणि लाकडी बॅट

शाळकरी आणि कुमार वयाच्या मुलांनी बेसबॉल ॲल्युमिनियमच्या बॅटने खेळावा की लाकडी, हा अमेरिकेत गेली पन्नासएक वर्षे चाललेला वाद आहे. व्यावसायिक मेजर लीगमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे बॅट एका अखंड लाकडाचीच लागते. वाद आहे तो त्याखालच्या पायऱ्यांवर : लिटल लीगमधली बारा वर्षांपर्यंतची मुले, हायस्कूलचे संघ आणि त्यांना लागून असलेले कॉलेजचे संघ. भांडण धातू आणि लाकूड यांच्या नावाने चालत असले, तरी त्याचा गाभा चेंडूचा वेग आहे. बॅटवरून सुटलेला चेंडू किती जोरात येतो आणि समोरच्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, सावरायला किती वेळ मिळतो, यावर सारे येऊन ठेपते.

हा वेळ किती, हे आधी पाहिले पाहिजे. लिटल लीगमध्ये पिचर उभा राहतो ती पट्टी होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेपासून, ४६ फुटांवर असते. मोठ्यांच्या खेळात हे अंतर ६० फूट ६ इंच आहे. चेंडू टाकताना पिचर एक लांब ढांग पुढे टाकतो, त्यामुळे चेंडू हातातून सुटल्यावर लिटल लीगमध्ये खरे अंतर उरते चाळीस-बेचाळीस फूट. ताशी ७० मैलांनी परत आलेला चेंडू हे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो. त्या क्षणी मुलाचे सगळे वजन एका पायावर असते, कंबर वाकलेली, ग्लोव्हचा हात बाजूला गेलेला आणि चेहरा थेट बॅटरकडे. मैदानावर इतक्या जवळ आणि इतका उघडा दुसरा कोणीही नसतो. बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरला मुखवटा आणि छातीचे कवच असते, बॅटरला हेल्मेट असते. पिचरच्या अंगावर टोपी आणि जर्सी.

धातूची बॅट आली कशी

धातूच्या बॅटचे पेटंट १९२४ मध्ये विल्यम श्रॉयर यांनी घेतले होते, पण ती प्रत्यक्ष मैदानात यायला १९७० च्या आसपासचा काळ उजाडला. लिटल लीगने १९७१ मध्ये ॲल्युमिनियमच्या बॅटला परवानगी दिली, कॉलेजांच्या एनसीएए या संघटनेने १९७४ मध्ये. कारण साधे, खर्चाचे होते. ॲशच्या लाकडाची बॅट हंगामात कितीदा मोडेल याचा नेम नसे, आणि गावोगावच्या संघांना नव्या बॅटी घेणे परवडत नसे. ॲल्युमिनियमची एक बॅट सगळ्या संघाला दोन-तीन हंगाम पुरत असे. त्या वेळी कोणी ती जास्त जोरात मारते म्हणून आणली नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. जोर नंतर आला. १९७० च्या दशकाच्या शेवटी अधिक मजबूत मिश्रधातू मिळू लागले, बॅटची भिंत पातळ करता येऊ लागली, आणि कंपन्यांची स्पर्धा टिकाऊपणाकडून फटक्याकडे वळली. ज्या बॅटीने संघाचा खर्च वाचावा तिचीच किंमत पुढे काहीशे डॉलरवर गेली.

क्रिकेटमध्ये हा प्रश्न एका सामन्यातच निकाली निघाला होता. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरले. चेंडू खराब होतो अशी तक्रार इंग्लंडचे कर्णधार माइक ब्रेअर्ली यांनी केली, लिलींना बॅट बदलावी लागली आणि पुढच्याच वर्षी बॅटचे पाते लाकडाचेच हवे असा नियम झाला. बेसबॉलमध्ये मात्र तोवर लक्षावधी मुलांच्या हातात धातूची बॅट पोहोचलेली होती.

चेंडू जास्त जोरात का जातो

बॅट आणि चेंडू यांची गाठ सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ पडते. तेवढ्यात चेंडू चेपला जातो आणि पुन्हा फुगतो, आणि या चेपण्या-फुगण्यात टकरीच्या ऊर्जेचा फार मोठा भाग वाया जातो. लाकूड भरीव असल्याने ते दबत नाही. चेपायचे सगळे काम चेंडूला करावे लागते. पोकळ धातूची भिंत किंचित आत जाते आणि लगेच बाहेर उसळते. चेंडू त्यामुळे कमी चेपतो, कमी ऊर्जा वाया जाते आणि वेग वाढतो. उड्या मारायच्या जाळीशी असलेल्या साम्यामुळे याला ट्रॅम्पोलीन परिणाम म्हणतात.

दुसरी गोष्ट वजनाची. बॅटच्या लांबीच्या इंचांतून तिच्या वजनाचे औंस वजा केले की येणाऱ्या आकड्याला खेळाडू ‘ड्रॉप’ म्हणतात. ३० इंची, ड्रॉप १० ची मुलांची बॅट २० औंसांची, म्हणजे साधारण ५७० ग्रॅमची असते. तेवढ्याच लांबीची लाकडी बॅट २७ औंसांच्या आसपास, म्हणजे पाऊण किलोच्या वर जाते. पोकळ बॅटचे वजन मुठीच्या बाजूला राखता येते, त्यामुळे दहा वर्षांचे मूलही ती झटकन फिरवते. याची दुसरी बाजूही आहे : हलकी बॅट वेगाने फिरते, पण तिच्यामागे वजन कमी असते. त्यामुळे निव्वळ हलकेपणाने चेंडू फार जोरात जातो असे नाही. फायदा मुख्यतः नेमकेपणाचा असतो, कारण बॅटरला चेंडू क्षणभर जास्त पाहून मग बॅट फिरवता येते.

फटका चुकला की फरक हाताला कळतो. लाकडी बॅटवर चेंडू मुठीजवळ बसला तर मनगटापर्यंत झिणझिण्या येतात आणि पुष्कळदा बॅटच तडकते. धातूच्या बॅटवर तोच चेंडू ‘पिंग’ असा आवाज करून इनफिल्डच्या, म्हणजे जवळच्या क्षेत्ररक्षकांच्या, डोक्यावरून पडतो आणि बॅटर सुखरूप पहिल्या टप्प्यावर (बेसवर) पोहोचतो. लाकडाची बाजू घेणाऱ्या प्रशिक्षकांचा मोठा आक्षेप हाच आहे : बॅटरला चुकीची शिक्षा होत नाही, आणि अंगाजवळ चेंडू टाकण्याचे कसब पिचर सोडून देतो.

अपघात, न्यायालय आणि कायदा

वाद तापला तो मुलांच्या जिवावर बेतलेल्या घटनांनी. २००३ मध्ये मोंटाना राज्यात ॲल्युमिनियमच्या बॅटवरून आलेला चेंडू डोक्याला लागून १८ वर्षांचा एक पिचर मरण पावला. पालकांनी बॅट बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला. २००९ मध्ये ज्यूरीने साडेआठ लाख डॉलरची भरपाई दिली, आणि २०११ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हा निकाल अनेकदा चुकीचा सांगितला जातो. ज्यूरीने बॅटची घडण सदोष ठरवली नव्हती. धोक्याची पुरेशी सूचना दिली नाही, एवढ्यावर कंपनीला जबाबदार धरले होते. २००६ मध्ये न्यू जर्सीत १२ वर्षांच्या पिचरच्या छातीवर चेंडू बसला आणि हृदय थांबले. मुलगा वाचला, पण मेंदूला कायमची इजा झाली. त्या दाव्यात २०१२ मध्ये १ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

२००७ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या नगर परिषदेने महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांचा नकाराधिकार डावलून हायस्कूल सामन्यांत धातूच्या बॅटवर बंदी घातली. बॅट कंपन्या आणि काही प्रशिक्षक न्यायालयात गेले, पण कायदा टिकला. त्याच वर्षी नॉर्थ डकोटाची हायस्कूलही लाकडाकडे वळली. बाकीच्या देशाने हा रस्ता धरला नाही.

याचे एक कारण पुराव्याचा तोकडेपणा. ग्राहकवस्तूंच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या केंद्रीय आयोगाने १९९१ ते २००१ या काळात मारलेला चेंडू लागून झालेले १७ मृत्यू मोजले. त्यांतल्या आठांत बॅट लाकडाव्यतिरिक्त होती, दोनांत लाकडी, सातांत कळू शकली नाही. आठास दोन हा आकडा पाहून निष्कर्ष काढावासा वाटतो, पण त्या काळात बहुतेक सगळी मुले धातूनेच खेळत होती. किती चेंडू कोणत्या बॅटने मारले गेले हे धरल्याशिवाय या तुलनेला अर्थ नाही. लाकडाव्यतिरिक्तच्या बॅट लाकडासारख्याच चालाव्यात असा नियम करण्याची मागणी आयोगाने २००२ मध्ये फेटाळली ती याच आधारावर.

छातीवरच्या आघाताची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. हृदयाच्या ठोक्यातल्या काही मिलिसेकंदांच्या एका नाजूक क्षणी आघात झाला, तर निरोगी हृदयाचीही लय बिघडते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ताशी ४० मैलांच्या आसपासचा चेंडू सर्वांत घातक ठरला. एवढ्या वेगाने तर मुलांनी नुसता फेकलेला चेंडूही येतो. म्हणून अशा मृत्यूंवर बॅट बदलणे हा पुरेसा इलाज नाही. मैदानावर हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र आणि ते वापरता येणारा माणूस असणे जास्त मोलाचे. मला या वादातली सर्वांत मोठी उणीव इथेच दिसते : बॅटवर जितकी वर्षे भांडण झाले, त्या मानाने या यंत्राबद्दल आणि पिचरच्या डोक्याच्या संरक्षणाबद्दल फार कमी बोलले गेले.

मानके

तोडगा निघाला तो बंदीऐवजी मोजमापातून. १९९८ च्या कॉलेज विश्वमालिकेच्या अंतिम सामन्यात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने ॲरिझोना स्टेटला २१-१४ ने हरवले. अमेरिकन फुटबॉलला शोभेल अशी ती धावसंख्या पाहून एनसीएएने हालचाल केली. आधी ड्रॉप तीनपेक्षा जास्त नको आणि जाडी २⅝ इंचांच्या वर नको असे ठरले. पुढे २०११ पासून ‘बीबीकॉर’ हे मानक आले. यात चेंडू आणि बॅट यांच्या टकरीतली उसळी मोजतात आणि ती ०.५० च्या वर जाऊ देत नाहीत. हा आकडा चांगल्या लाकडी बॅटच्या जवळचा आहे. २०१२ पासून हायस्कूलनेही ते स्वीकारले. कॉलेजमधले होमरन, म्हणजे सहसा चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके, पहिल्याच हंगामात जवळपास निम्म्यावर आले; इतके, की २०१५ मध्ये चपट्या शिवणीचा चेंडू आणून फलंदाजीला थोडा हात द्यावा लागला. कार्बन तंतूंच्या बॅटीने वेगळीच अडचण आणली होती. ती वापरून सैल झाली की आणखी उसळते, आणि काही लोक मुद्दाम रुळांमधून दाबून तिला सैल करून घेत. त्यामुळे कोरी बॅट तपासून भागेना.

लहान मुलांसाठी ‘यूएसए बॅट’ हे मानक १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. बॅट हलकी चालेल, पण तिची उसळी लाकडासारखी हवी, हा त्याचा आशय. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात मुलांना लिटल लीगमध्ये घालणाऱ्या मराठी पालकांनाही दुकानात आधी हा शिक्का शोधावा लागतो. तो नसेल तर धातूची बॅट कितीही महाग असो, लिटल लीगच्या सामन्यात ती चालत नाही.

लाकूडही काही एकसारखे नसते. मेजर लीगचे खेळाडू बॅरी बाँड्स यांनी २००१ मध्ये मेपलच्या बॅटने ७३ होमरन मारल्यावर मेपलची लाट आली, आणि त्या बॅटी मोडताना टोकदार तुकडे उडू लागले. त्यावर उपाय म्हणून पुढे मेजर लीगच्या मेपल बॅटच्या दांड्यावर शाईचा एक थेंब सोडू लागले. शाई रेषांच्या दिशेने पसरते, आणि ती रेघ बॅटच्या लांबीशी तीन अंशांपेक्षा जास्त तिरकी गेली तर बॅट बाद. मुलांच्या स्वस्त लाकडी बॅटवर अशी तपासणी सहसा होत नाही, हे लाकूडवाद्यांनी विसरू नये.

जपान

जपानच्या हायस्कूल बेसबॉलनेही १९७४ मध्ये धातूची बॅट घेतली, तीही मोडणाऱ्या बॅटींच्या खर्चामुळे. २०१७ च्या उन्हाळी कोशिएन या हायस्कूल संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत ६८ होमरनचा विक्रम झाला. २०१९ मध्ये याच स्पर्धेत एका पिचरच्या गालाचे हाड चेंडू लागून मोडले, आणि बॅट बदलण्याच्या चर्चेला जोर आला. २०२४ पासून बॅटची जास्तीत जास्त जाडी ६७ वरून ६४ मिलिमीटर केली आणि धातूची भिंत तीनऐवजी चार मिलिमीटर केली. जाड भिंत कमी दबते, कमी उसळते. त्या वसंतातल्या स्पर्धेत फक्त तीन होमरन झाले, त्यांतला एक मैदानाच्या आत धावून काढलेला. नव्या बॅटीचा फायदा नाही असे वाटून काही मुलांनी लाकडी बॅट हातात घेतली, तर बहुतेक संघ बंट (बॅट न फिरवता चेंडू हलकेच जवळ पाडणे) आणि धावण्याच्या जुन्या डावपेचांकडे परतले.