चेटकीण-मांजर चित्रपुस्तके

चेटकीण आणि तिचे मांजर या जोडीभोवती रचलेली लहान मुलांची चित्रपुस्तके. मूल शेजारी किंवा मांडीवर घेऊन मोठ्याने वाचून दाखवावीत, अशीच त्यांची घडण असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः इंग्रजी भाषेत, हा प्रकार बहरला. टोकदार टोपी, खराटा आणि रटरटणारी कढई यांवरून चेटकीण ओळखू येते. पण मूल गोष्टीत शिरते ते बहुतेक वेळा मांजराच्या मागोमाग.

या जोडीचा उगम मात्र गोजिरवाणा नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्लंडमध्ये चेटकिणीजवळ प्राण्याच्या रूपातले सेवक-भूत असते, असा समज होता. चेम्सफर्ड येथे 1566 साली अ‍ॅग्नेस वॉटरहाउस या स्त्रीला चेटूक केल्याबद्दल फाशी दिले गेले. तिच्यावरील आरोपांत ‘सेटन’ म्हणजे सैतान नावाच्या मांजराचा उल्लेख होता. ‘चेटकीणशोधक’ मॅथ्यू हॉपकिन्स याच्या 1647 च्या पुस्तिकेत आरंभीच एक लाकूडठसा चित्र आहे. त्यात चेटकिणी बसलेल्या असून भोवतालच्या प्राण्यांजवळ त्यांची नावे छापली आहेत. त्यांपैकी ‘होल्ट’ हे पांढऱ्या मांजराच्या पिलासारखे. चित्रातल्या स्त्रियांपैकी एलिझाबेथ क्लार्क ही एका पायाची, गरीब म्हातारी होती आणि 1645 मध्ये तिला फाशी झाली होती. आजच्या बालपुस्तकांतील हसऱ्या चेटकिणीकडे पाहताना हे चित्र विसरू नये. म्हातारी, एकटी बाई आणि तिच्या सोबतीला एक मांजर, एवढाच संशयाचा आधार त्या काळी पुरेसा ठरू शकत असे.

रशियन लोककथांत मांजराची बाजू वेगळी आहे. लोककथा-संग्राहक अफनास्येवने एकोणिसाव्या शतकात जमवलेल्या एका कथेत बाबा यागा या चेटकिणीच्या तावडीत सापडलेली मुलगी मांजराला मांस खाऊ घालते आणि मांजर तिला पळून जायची वाट सांगते. इतकी वर्षे चाकरी करूनही मालकिणीने साधे हाडूकसुद्धा दिले नाही, ही त्याची तक्रार. चेटकिणीच्या घरात राहूनही मांजराला स्वतःचे मत असते. चित्रपुस्तकांनी नेमका हाच धागा उचलला.

अमेरिकेत 1962 पासून पॅट्रिशिया कूम्स यांनी डॉरी या छोट्या चेटकिणीची पुस्तके लिहिली आणि स्वतःच चितारली. डॉरीची टोपी नेहमी वाकडी, मोजे विजोड आणि पायाशी गिंक हे काळे मांजर. ब्रिटनमध्ये मोठे वळण आणले ते 1972 साली सुरू झालेल्या ‘मेग अँड मॉग’ मालिकेने. लेखन हेलन निकोल यांचे, चित्रे वॉर्सा येथे जन्मलेल्या यान प्येन्कोव्स्की यांची. ठळक काळी रेघ, सपाट भडक रंग आणि चित्रातच विखुरलेले शब्द यांमुळे अक्षरओळख नसलेले मूलही ही पुस्तके ‘वाचू’ शकते. मेग या चेटकिणीचे मंत्र हमखास फसतात. पहिल्या पुस्तकात इतर चार चेटकिणींचे उंदीर होतात आणि तिचा बोका मॉग त्यांच्या मागे धावतो. चेटूक फसले तरी मांजराचा मांजरपणा सुटत नाही, हे पाहून मूल खुदकन हसते आणि चेटकिणीची भीती तिथेच गळून पडते. जूलिया डॉनल्डसन आणि चित्रकार अ‍ॅक्सेल शेफलर यांच्या 2001 मधील ‘रूम ऑन द ब्रूम’मध्ये खराट्यावर मांजराची जागा आधीपासूनच पक्की आहे. कुत्रा, पक्षी आणि बेडूक यांना मात्र ती मागून घ्यावी लागते.

या प्रकारात चित्र बहुधा शब्दांच्या पुढे असते. मजकूर चेटकिणीचे म्हणणे सांगतो, तर मांजराचे फुगलेले शेपूट किंवा मागे वळलेले कान पुढे काय होणार याची आगाऊ खबर देतात. ती खबर वाचणाऱ्या मोठ्यांच्या आधी ऐकणाऱ्या मुलाला लागते, कारण मोठ्यांचे डोळे अक्षरांवर असतात.

काळ्या मांजराचा चित्रकाराला पडणारा पेच सर्वांत सुंदर सोडवला आहे तो व्हॅलरी टॉमस आणि कॉर्की पॉल यांच्या ‘विनी द विच’ (1987) या पुस्तकात. विनीचे घर आतबाहेर काळे आणि विल्बर हा तिचा बोकाही काळा. डोळे मिटले की तो दिसेनासा होतो आणि विनी त्याच्यावर बसते. ती त्याला हिरवा करते, तर तो गवतात हरवतो. मग लाल डोके, पिवळे अंग, गुलाबी शेपूट, निळ्या मिशा. आता तो कुठेही दिसतो, पण पाखरे त्याला हसतात, आणि बिचारा झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसतो तो रात्र झाली तरी खाली उतरत नाही. त्याला तसे पाहून विनीला करमेनासे होते. ती छडी फिरवून त्याला पुन्हा काळा करते आणि मग सगळ्या घराचा रंग पालटते. मालिकेच्या पुढच्या पुस्तकांतही विल्बर काळाच राहिला आहे.