विमानताफ्याचे नूतनीकरण आणि कोकण किनारा

ताफ्यातील जुनी विमाने टप्प्याटप्प्याने काढून त्यांच्या जागी नवी आणणे, आणि ती कोणती, किती, विकत की भाड्याने घ्यायची हे ठरवणे, याला विमान कंपनीच्या ताफ्याचे नूतनीकरण म्हणतात. हे निर्णय महानगरांतल्या कार्यालयांत होतात. पण सिंधुदुर्गात चिपीच्या सड्यावरच्या विमानतळावर विमान उतरणार की नाही, हे बरेचसे त्या कार्यालयांतच ठरून गेलेले असते. कोकणात धावपट्टीवर जेवढी चर्चा झाली, तेवढी विमानाच्या आकारावर झालेली नाही.

विमानाचे वय नुसत्या वर्षांवर मोजत नाहीत. ते किती तास उडाले आणि किती वेळा चढले-उतरले, हे दोन्ही पाहतात. दर उड्डाणात केबिनमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच जास्त होतो, उतरल्यावर हा फरक मिटतो आणि तेवढ्या वेळा विमानाच्या अंगाचा पत्रा ताणला जातो. त्यामुळे मुंबई–गोव्यासारख्या आखूड मार्गावर राबणारे विमान लांब पल्ल्याच्या विमानापेक्षा लवकर थकते. त्यात खारी हवा. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ च्या छताचा मोठा भाग उड्डाणातच उडून गेला आणि एक कर्मचारी मरण पावली. वैमानिकांनी तशाच अवस्थेत विमान उतरवले. ते १९ वर्षांचे होते, पण बेटाबेटांमधल्या फेऱ्यांनी त्याची सुमारे ९० हजार उड्डाणे झाली होती. सांध्यांतला गंज आणि पत्र्याच्या बारीक भेगा तपासणीत निसटल्या होत्या. किनाऱ्यावर इंजिनात पाणी सोडून पात्यांवरचे मीठ धुतात, ते याच खाऱ्या हवेपायी.

मोठी तपासणी हा नूतनीकरणातला खरा टप्पा. एअरबस ए३२० वर्गाच्या विमानाला ती साधारण सहा आणि बारा वर्षांनी लागते. बाराव्या वर्षी आसने, भिंतींची आवरणे, जमिनीच्या फळ्या काढून सांगाडा उघडा करतात. विमान कित्येक आठवडे हँगरमध्ये अडकते आणि खर्च प्रचंड होतो. म्हणून अनेक कंपन्या ही वेळ येण्याआधीच विमान मालकाला परत करतात. मालक म्हणजे बहुधा परदेशी भाडेकंपनी. विमान कंपनी उत्पादकाकडून मोठ्या सवलतीत विमान घेते, ताबा मिळताच ते भाडेकंपनीला विकते आणि तेच भाड्याने चालवते. रोकड हाती राहते. मात्र भाडे डॉलरमध्ये आणि तिकिटे रुपयांत, त्यामुळे रुपया घसरला की गणित बिघडते.

सवलत हवी तर मागणी मोठी हवी. इंडिगोने सुरुवातच २००५ मध्ये १०० विमानांच्या मागणीने केली आणि २०२३ मध्ये एकदम ५०० मागितली. एअर इंडियाने त्याच वर्षी ४७०. आकडे ऐकून लोक हुरळतात, पण इंडिगोची ती ५०० विमाने २०३० ते २०३५ या काळात यायची आहेत. आजची मागणी म्हणजे रांगेत धरलेली जागा. दुसरी बाजू इंजिनाची. नव्या इंजिनांचे ए३२० निओ जुन्या ए३२० पेक्षा इंधन १५ ते २० टक्के वाचवते, आणि भारतात इंधन हा सर्वांत मोठा खर्च असल्याने ही विमाने घेणे ओघानेच आले. पण प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतल्या दोषांनी डझनावारी विमाने उड्डाणाविना उभी राहिली. गो फर्स्ट या विमान कंपनीने मे २०२३ मध्ये सेवा थांबवली, तेव्हा याच इंजिनांकडे बोट दाखवले होते. इंडिगोने २०१९ मध्येच पुढच्या २८० विमानांसाठी सीएफएम या दुसऱ्या उत्पादकाची इंजिने निवडली होती.

चिपीचे दुखणे वेगळे आहे. तिथली धावपट्टी २,५०० मीटरची. ए३२० तिथे सहज उतरू शकते. पण १८० आसने रोज भरणार कोण? ९ ऑक्टोबर २०२१ ला विमानतळ सुरू झाला तो अलायन्स एअरच्या सत्तरेक आसनी एटीआर ७२ विमानाने. हे पंख्याचे विमान आखूड अंतरावर कमी इंधन खाते. ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना उतरण्याचे शुल्क सामान्यतः माफ असते, आणि ४०,००० किलोपेक्षा हलक्या विमानांच्या इंधनावर विक्रीकरही कमी. हे सगळे कोकणाच्या सोयीचे, फक्त मुंबई सोडून. तिथे एका वेळी एकच धावपट्टी चालते. उतरण्या-उडण्याची वेळ सोन्याच्या भावाची, आणि त्या वेळेत ७० ऐवजी १८० माणसे नेता येत असतील तर कंपनी काय निवडेल हे उघड आहे. छोटी शहरे विमानाने जोडण्याच्या सरकारी ‘उडान’ योजनेतली मुंबई–चिपी सेवा २०२४ मध्ये थांबली.

त्याच वर्षी फ्लाय९१ या कंपनीने एटीआर घेऊनच, पण गोव्यातल्या मोपा विमानतळाला तळ करून, बेंगळुरू व हैदराबादहून चिपीला विमाने सुरू केली. मुंबईची कोंडी टाळण्याची ही वाट शहाणपणाची म्हणावी लागेल. चाकरमान्यांचा मुख्य ओढा मात्र मुंबईकडेच. शिवाय जानेवारी २०२३ पासून चालू झालेला मोपा बांद्याच्या हाकेच्या अंतरावर. तिथे मोठी विमाने येतात आणि सावंतवाडीकडचा प्रवासी तिकडे वळतो.

गणपतीत एसटी दुसऱ्या आगारांतून गाड्या आणून कोकणात सोडते. विमान कंपनीला तसे जमत नाही. वैमानिकांसह विमान भाड्याने मिळते, पण काही महिन्यांसाठी. दहा दिवसांच्या गर्दीसाठी ते परवडत नाही. मग दुसऱ्या मार्गावरचे विमान काढावे लागते. भारतात एटीआर चालवणाऱ्या कंपन्याही मोजक्याच : इंडिगो, अलायन्स एअर, फ्लाय९१. छोट्या ताफ्यात जादा विमान नसते. एखादे सुट्या भागासाठी उभे राहिले की कमी उत्पन्नाचा मार्ग आधी रद्द होतो. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून वाहतूक सुरू झाल्याने वेळेची टंचाई थोडी सैल होईल. तेवढ्यासाठी कोणती कंपनी आणखी एटीआर मागवते, यावर चिपीची मुंबई फेरी अवलंबून आहे.