कपाटामागची वायर

फ्रिज, कपाट, पलंग जागेवर लागले की उरलेली वायर त्यांच्या मागे कोंबली जाते. एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारं बटण, आहेच, मग काळजी कसली, असं आपण धरून चालतो. पण एमसीबीतली द्विधातू पट्टी तिच्या स्वतःतून जाणाऱ्या प्रवाहाने तापून वाकते आणि सर्किट तोडते. कपाटामागे वायर किती तापली आहे, याचा तिला पत्ताच नसतो.

2000 वॅटची इंडक्शन शेगडी 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर ओढते. वायर तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची असेल तर फेज आणि न्यूट्रल मिळून दर मीटरला साधारण 2 वॅट उष्णता तयार होते. वायर मोकळी असेल तर ही उष्णता हवेत निघून जाते. पण 10 मीटरच्या एक्स्टेन्शनचं भेंडोळं करून ओट्याखाली सारलं, तर 20 वॅट तेवढ्याशा जागेत कोंडतात आणि मधले वेढे रजईत गुंडाळल्यासारखे तापत राहतात. साधं पीव्हीसी इन्सुलेशन 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या वापरासाठी असतं. त्यापुढे ते मऊ पडतं आणि वर्षानुवर्षं तापलं की कडक होऊन तडकतं. वेढ्यांच्या चुंबकत्वामुळे वायर तापते असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. फेज आणि न्यूट्रलमधले प्रवाह उलट दिशांना वाहतात, त्यामुळे त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. खरा दोष कोंडलेल्या उष्णतेचा, म्हणून लागेल तेवढ्याच लांबीची वायर घ्यावी हे उत्तम.

मला जास्त भीती वाटते ती प्लगच्या मानेची. कपाट मागे रेटलं की वायर तिथेच काटकोनात मुडपते आणि आतल्या बारीक तारा एकेक करून तुटतात. उरलेल्यांवर सगळा भार येतो. सॉकेटमध्ये पिन सैल असेल तरी तेच: फक्त 0.1 ओहमचा जास्तीचा रोध, आणि वरच्याच प्रवाहाला त्या टिचभर जागेत साडेसात वॅट. प्रवाह वाढलेला नसतो, त्यामुळे एमसीबी पडत नाही. पिनच्या भोकाभोवती तपकिरी डाग दिसला किंवा जळका वास आला, तर तो बोर्ड लगेच बंद करून वायरमनला बोलवा.

अडचणीच्या जागी वायर बाजूने निघते असा प्लग वापरावा. भिंतीवर वायर केसिंग पट्टीतून न्यावी. खिळा वाकवून दाबू नये. वायरी बांधायचा प्लास्टिकचा टाय इतकाच आवळा की वायर हाताने सरकवता येईल. प्लायला पाडलेल्या भोकात रबरी बुश, म्हणजे कडेला बसणारी रबराची कडी, बसवा, नाहीतर कड इन्सुलेशन कापत जाते. फ्रिजचं चाक वायरवर आलेलं नाही ना, हे तो सरकवल्यावर दर वेळी वाकून बघा.