धन्यापासून मेथीपर्यंत : मोस्कातोच्या बाटलीतला प्रवास

धन्याचा डबा उघडा, चार दाणे तळहातावर घेऊन अंगठ्याने चुरडा आणि लगेच हुंगून बघा. मसाल्याचा वास मागून येतो. पहिल्या क्षणी जाणवतो तो फुलासारखा, किंचित लिंबाकडे झुकणारा गंध. त्यात मोठा वाटा लिनालूल नावाच्या रेणूचा असतो. इटलीच्या वायव्येला, पिएमोन्ते प्रांतात, आस्ती आणि कानेल्ली या गावांभोवतीच्या टेकड्यांवर पिकणाऱ्या पांढऱ्या मोस्कातो द्राक्षाचा सुगंधही बराचसा याच रेणूवर उभा आहे.

बहुतेक जातींच्या द्राक्षांचा रस नुसता गोड-आंबट लागतो आणि वाइनचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो आंबताना तयार होतो. मोस्कातोचं तसं नाही. वेलीवरून तोडलेला मणी तोंडात टाकला तरी तो सुगंध येतो. म्हणून या द्राक्षापासून ‘मोस्कातो दास्ती’ ही गोड, हलक्या बुडबुड्यांची वाइन करताना सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी चालते : द्राक्षात जे आहे ते जसंच्या तसं बाटलीत उतरावं.

रस काढला की तो शून्य अंशाच्या आसपास गार करून ठेवतात, म्हणजे साखरेचा मद्यार्क करणाऱ्या यीस्टला काम सुरूच करता येत नाही. मागणी येईल तसा थोडा थोडा रस बंद टाक्यांमध्ये आंबवायला घेतात. ही बंद टाकीची पद्धत आस्तीच्याच फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी १८९५ मध्ये मांडली. मद्यार्क ५ टक्क्यांच्या आसपास पोचला की टाकी पुन्हा गार करतात आणि यीस्ट गाळून काढतात. साखर अर्ध्या वाटेतच थांबलेली असते, लिटरमागे १०० ग्रॅमच्या वर. बुडबुड्यांचा दाब जास्तीत जास्त अडीच बार, म्हणजे साधारण मोटारीच्या टायरमधल्या हवेइतका. शॅम्पेनच्या बाटलीत तो ६ बारच्या घरात असतो. म्हणून मोस्कातो दास्तीला तारेच्या जाळीची गरज पडत नाही, साधं बूच पुरतं.

आता ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ हा समज या बाटलीला लावून बघू. माझं स्पष्ट मत आहे की शंभरातल्या नव्वद बाटल्यांच्या बाबतीत तो चुकीचा ठरतो, आणि त्याचं कारण रसायनात आहे.

वाइन आम्लधर्मी असते. आम्लात लिनालूल स्वस्थ बसत नाही. त्याची रचना हळूहळू बदलत जाते आणि त्यातून अल्फा-टर्पिनिऑल, लिनालूलची ऑक्साइडं असे त्याचे भाऊबंद तयार होतात. गंमत अशी की रेणू कुठे निघून जात नाहीत, फक्त रूप बदलतात. पण आपल्या नाकाला सगळे रेणू सारखे नसतात. लिनालूल एका लिटरमध्ये सुमारे २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा चाळीस हजारावा भाग असला तरी ओळखू येतो. अल्फा-टर्पिनिऑल जाणवायला त्याच्या कित्येक पट मात्रा लागते. त्यामुळे बाटलीतला माल जवळजवळ तेवढाच असतो आणि वास मात्र ओसरलेला असतो. वाइन ‘उतरली’ असं लोक म्हणतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

या ओसरण्याला एक आधार आहे. द्राक्षातला काही लिनालूल साखरेच्या रेणूला बांधलेला असतो आणि त्या अवस्थेत त्याला वासच नसतो. आम्ल ही गाठही सावकाश सोडवतं आणि थोडा थोडा नवा सुगंध मोकळा होत राहतो. मात्र ही शिल्लक मोजकी असते. वर्ष-दोन वर्षं ती पुरते, मग खर्च जमेपेक्षा वाढतो.

दुसरीकडे बूच आपलं काम करत असतं. ते पूर्ण हवाबंद नसतं. आतला कार्बन डायऑक्साइड कणाकणाने बाहेर जातो आणि ऑक्सिजन कणाकणाने आत येतो. बुडबुडे मंदावतात, फिकट गवती रंग सोनेरी होतो, पुढे मधासारखा. फ्रुक्टोज या फळसाखरेच्या आम्लातल्या संथ विघटनातून करपवलेल्या साखरेकडे झुकणारे वास येऊ लागतात. हवा लागत लागत मुरलेल्या गोड वाइनमध्ये आणखी एक रेणू सापडतो, सोटोलॉन. आपल्या घरात तो पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे, कारण मेथीच्या दाण्याचा ओळखीचा वास त्याचाच. थोडा असेल तर साखरेच्या पाकासारखा भासतो, जास्त झाला की थेट मेथी.

सोतर्नसारख्या फ्रेंच गोड वाइन कित्येक दशकं टिकतात, मग मोस्कातोलाच काय अडचण? सोतर्नमध्ये मद्यार्क १३-१४ टक्के असतो आणि साखरही अधिक घट्ट असते. मोस्कातोत मद्यार्क त्याच्या निम्म्याहून कमी. शिवाय इथली कीर्ती एका नाजूक सुगंधावर आणि बुडबुड्यांवर टेकलेली. म्हणजे जे जपायचं तेच सगळ्यात आधी बदलतं.

तरीही सगळ्या जुन्या बाटल्या मेलेल्या असतात असं नाही. जुन्या वेलींची, आम्ल भक्कम असलेली द्राक्षं घेऊन काही उत्पादक मोस्कातो मुद्दाम मुरवतात. कानेल्ली परिसरातल्या मोस्कातोला २०२३ मध्ये स्वतंत्र भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात ‘रिझर्वा’ प्रकारासाठी किमान ३० महिन्यांची मुरवण ठरवलेली आहे. मला हा निर्णय आवडला. ताजेपणाची ख्याती असलेल्या प्रदेशाने आपल्याच द्राक्षाची दुसरी बाजू कागदावर मान्य केली. कानेल्ली गावाखाली खोदलेली लांबलचक तळघरं २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाचा भाग आहेत. तिथला गारवा वर्षभर जवळपास सारखाच राहतो आणि बाटलीला नेमकं तेच हवं असतं.

आपल्याकडे अडचण इथेच येते. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. १२ अंशांच्या तळघरात चार वर्षांत जे घडतं ते ३२ अंशांच्या कपाटात वर्षभरात उरकतं, आणि नागपूरचा मे महिना तर ३२ वर थांबत नाही. उजेडाचाही त्रास होतो. वाइनमध्ये रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व ब-२ असतं. ते प्रकाश शोषून गंधकयुक्त रेणू तयार व्हायला मदत करतं आणि शिजलेल्या कोबीसारखा वास येतो. दुकानात ट्यूबलाइटखाली महिनोन्‌महिने उभी असलेली पारदर्शक बाटली म्हणूनच घेऊ नये.

लेबलवर द्राक्षतोडणीचं वर्ष असतं ते आधी बघा आणि शक्यतो शेवटच्या दोन हंगामांतली बाटली निवडा. कुतूहल असेल तर एकाच वर्षाच्या दोन घ्या. एक ८-१० अंशांवर गार करून याच महिन्यात उघडा, शेजारी चुरडलेले धने ठेवून. दुसरी अंधारात, गारव्यात चार-पाच वर्षं आडवी ठेवा. ती उघडाल तेव्हा वाटीत भाजलेली मेथी घ्या, आणि ग्लास नाकाशी नेण्याआधी ती एकदा हुंगून ठेवा.